अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी शुश्रूषा केंद्र कसे पारखावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खतांचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम याविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. ऊसनोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आणि गट ऑफिसात बसलेले असताना उसाचे बोलणे संपले की बरेच सभासद हळूच दुसरी गोष्ट काढतात. "साहेब, आबांचं एक अंग गेलंय. घरात उचलायला माणूस नाही. तालुक्याला एक सेंटर निघालंय म्हणतात. बरं असंल का ते?"

हा प्रश्न आता एकट्या-दुकट्याचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती. शंभरात हे प्रमाण ८.६ पडले, आणि आपल्या महाराष्ट्रात ते ९.९ होते. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला, सुना कामावर, घरी दोन म्हातारी माणसे, आणि त्यांतले एक अंथरुणावर, अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रात प्रत्येक गावात निघतील. म्हाताऱ्या माणसाला घरीच ठेवावे की केंद्रात, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. पण ठेवायचेच ठरले तर जागा पारखून कशी घ्यावी, एवढे मात्र सांगता येण्यासारखे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. औषधपाण्याचे डॉक्टरांनाच विचारावे. पण पाहणी कशी करावी, हे शेतकऱ्याला समजावून सांगणे हे आमचे रोजचेच काम आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचा किंवा लहानसहान ऑपरेशनचा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ, ज्यांना स्वतःचे स्वतः करता येत नाही अशा माणसांना, बहुतेक वृद्धांना, दीर्घकाळ ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारी जागा असा होतो. आपल्याकडे अशा जागांना कोणी वृद्धाश्रम म्हणते, कोणी केअर सेंटर, कोणी सेवा केंद्र.

पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत काय होते ते विचारावे. हिंडत्याफिरत्या माणसाला जेवण, खोली आणि सोबत देणारा वृद्धाश्रम ही एक गोष्ट. ज्याला कुशीवर वळवावे लागते, भरवावे लागते, ज्याचे मलमूत्र काढावे लागते, त्याची शुश्रूषा ही अगदी दुसरी गोष्ट. पहिले काम चांगले करणारी संस्था दुसरे काम करू शकेलच असे नाही. चांगली संस्था हे स्वतःहून सांगते. "आमच्याकडे अंथरुणावरचा पेशंट घेत नाही" असे कोणी स्पष्ट सांगितले तर राग मानू नये.

आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसे ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागेसाठी आपल्या राज्यात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. तेव्हा आत शिरल्यावर पहिली नजर भिंतीवर टाकावी. प्रमाणपत्र नसेल तर "नोंदणी कशाखाली आहे?" असे सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? बेणे घेतानासुद्धा आपण कोणत्या मळ्यातले ते विचारतोच.

पारख तीन ठिकाणी करायची

डॉ. अवेदिस डोनाबेडियन हे १९१९ साली बैरूत येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात शिकवणारे डॉक्टर. आजाऱ्याची सेवा चांगली की वाईट हे ठरवायचे कसे, यावर त्यांनी १९६६ मध्ये एक लेख लिहिला. तीन गोष्टी तपासा, असे त्यांचे म्हणणे. साधने कोणती आहेत, काम कोणत्या रीतीने होते, आणि शेवटी फळ काय मिळते. पुढे जगभर हीच रीत रूढ झाली.

शेतकऱ्याला यात नवे काहीच नाही. जमीन, विहीर आणि मोटर ही साधने. लागण, भरणी, खुरपणी, पाण्याच्या पाळ्या ही कामाची रीत. एकरी टनेज आणि साखर उतारा हे फळ. काळीभोर जमीन आणि बारमाही पाणी असून तीस टनांवर अडकलेले मळे आपण पाहतो. मध्यम जमिनीत नीट मशागत करून साठ टन काढणारेही पाहतो. म्हणून नुसत्या साधनांवर जाऊ नये.

नुसत्या फळावरही जाऊ नये. उत्तम मशागतीचा ऊस वादळाने लोळतो, त्यात शेतकऱ्याचा दोष नसतो. तसेच फार थकलेला माणूस चांगल्या सेवेतही खालावतो. म्हणून तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहायच्या.

साधने : इमारतीपेक्षा माणसे मोजा

बहुतेक लोक केंद्र पाहायला जातात आणि फरशी, रंग, बगीचा, देवघर पाहून परत येतात. हे म्हणजे बांधाकडेची सरी पाहून प्लॉटचा अंदाज करण्यासारखे झाले. बांधाकडेच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, तो जोमदार दिसणारच. खरा ऊस आत शिरल्यावर कळतो.

इमारतीत पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. न चालणारी माणसे तळमजल्यावर आहेत का? संडास-बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी नाही ना, चाकाची खुर्ची दारातून आत जाते का? रात्री दिवा असतो का? आणि आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, तिला कुलूप तर नाही ना?

ही शेवटची गोष्ट किरकोळ नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खाजगी जागेला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण मृत्यू पावले. ती जागा वृद्धांची नव्हती. पण ज्याला स्वतः उठता येत नाही, त्याची स्थिती बांधलेल्या माणसापेक्षा फारशी वेगळी नसते. त्याला बाहेर कोण काढणार, हे आधी विचारून ठेवावे.

यानंतर मोजायची ती माणसे. मालक सांगतो, "आमच्याकडे बारा जणांचा स्टाफ आहे." बारा कोण? त्यात स्वयंपाकी, झाडूवाला, वॉचमन आणि ऑफिसातला क्लार्क आला का? अंगाला हात लावून काम करणाऱ्या मावशी आणि मामा किती? दिवसपाळीला किती, आणि मुख्य म्हणजे रात्रपाळीला किती? शिकलेली नर्स कोण, आणि ती किती वाजेपर्यंत असते?

रात्रीचा एक हिशेब मांडून पाहू. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते. समजा असे वीस रुग्ण आहेत. एकाला नीट वळवायला, चादर सारखी करायला, ओले असेल तर बदलायला दोन माणसांना पाच मिनिटे धरा. वीस रुग्णांना शंभर मिनिटे झाली. म्हणजे दोन तासांच्या १२० मिनिटांतली १०० मिनिटे ती जोडी वळवण्यातच गुंतली. मग पाणी कोण पाजणार, हाक कोण ऐकणार? आणि रात्रपाळीला माणूस एकच असेल, तर वळवणे होतच नाही हे कागद न पाहता समजावे. ब्रोशरमध्ये काहीही छापलेले असो, हिशेब जुळत नाही तो नाहीच.

कामाची रीत : डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी

पाणी. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते. मागितले तरच द्यायचे म्हटले तर माणूस कोरडा पडतो, लघवीचा त्रास होतो, भ्रम होतो. पाण्याचा पेला खाटेजवळ आहे का, आणि तो हाताला पोचेल असा आहे का? उजवे अंग गेलेल्या माणसाचा पेला उजव्या बाजूला ठेवलेला दिसला, तर तिथे कोणी विचार करून काम करत नाही, असे समजायला हरकत नाही.

जेवण. जेवणाच्या वेळी जाऊन उभे राहावे. ज्याला दात नाहीत त्याच्या ताटात कोरडी चपाती आहे, की आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ भात, पेज असे काही आहे? भरवणारी मावशी बसून भरवते, की उभ्याने घाईघाईत तोंडात कोंबते? भरवताना माणूस बसता केलेला असावा, आणि त्यानंतरही अर्धा तास तरी आडवा करू नये. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ताट परत जाते तेव्हा त्यात किती उरले, हे कोणी पाहते का? की "जेवले" अशी टिपणी करून मोकळे?

उचलणे. लकव्याच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढले तर खांद्याचा सांधा निखळतो. दोघांनी मिळून, सांगून, चादरीच्या आधाराने हलवतात का ते पाहावे. "आजी, आता वळवतो हं" असे आधी सांगून हात लावणारा सेवक आणि पोते उलटवल्यासारखा वळवणारा सेवक यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

लघवीची नळी आणि डायपर. नळी वैद्यकीय कारणाने घातली आहे की कपडे बदलण्याचा त्रास वाचावा म्हणून, हे डॉक्टरांना विचारावे. विनाकारण राहिलेली नळी म्हणजे जंतूंना पाटच काढून दिल्यासारखे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली टांगलेली असावी, जमिनीवर लोळत नसावी. दिवसात किती डायपर बदलतात ते विचारावे आणि महिन्याच्या बिलाशी ताडून पाहावे.

बांधणे आणि गुंगी. "पडतात म्हणून बांधतो" असे सांगितले जाते. बांधल्याने माणूस सुरक्षित राहतो हा समज खरा नाही. तो सुटण्याची धडपड करून जास्त वाईट पडतो, अंग आखडते, जखमा होतात. खुर्चीच्या पायाला, खाटेच्या दांडीला फडकी किंवा पट्टे लोंबताना दिसतात का, मनगटावर वळ आहेत का, हे पाहावे. दोरीऐवजी औषधाने बांधण्याचाही प्रकार असतो. दिवसा अकरा वाजता सगळी खोली झोपलेली दिसली तर कोणते औषध, किती आणि कोणाच्या चिठ्ठीवर, हे विचारावे. विस्मृतीच्या वृद्ध रुग्णांना मनोविकाराची काही औषधे दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आहे. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले औषध वेगळे, आणि रात्र शांत जावी म्हणून दिलेले वेगळे.

वास. सकाळच्या वेळी एखाद्या खाटेजवळ वास आला तर त्यात विशेष काही नाही, काम चालू असते. पण प्रत्येक खोलीत, प्रत्येक वेळी मुताचा वास येत असेल तर बदलाबदली होत नाही. आणि डोळ्यांना झोंबेल एवढे फिनेल असेल तर त्याखाली काय दडले आहे, ते हुडकावे.

फळ : कातडी, वजन आणि पडझड

उसाची पक्वता आपण डोळ्यांनी ठरवत नाही, ब्रिक्स पाहतो. इथेही तीन गोष्टी अशा आहेत की त्या खोटे बोलत नाहीत.

पहिली कातडी. एकाच जागी भार पडून राहिला की तिथले रक्त थांबते आणि मांस मरू लागते. यालाच बेडसोअर किंवा शय्याव्रण म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग ही त्याची ठिकाणे. सुरुवात साध्या लालीने होते. बोटाने दाबून सोडल्यावर लाली फिकी पडली नाही तर धोका सुरू झाला. काळ्यासावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा काळपट, गरम, घट्ट किंवा दुखरी लागते. या टप्प्यावर भार काढला तर बहुधा ती बरी होते. दुर्लक्ष केले तर कातडी फाटते, खड्डा पडतो आणि हाडापर्यंत जातो.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाच्या मातोश्री अशाच एका केंद्रात होत्या. इमारत नवी, महिन्याची फी भरभक्कम. घरची माणसे दर रविवारी अकराला जात. त्या वेळी आजी आंघोळ घालून, वेणी घालून खुर्चीवर बसवलेल्या असत. सगळ्यांना समाधान वाटे. तिसऱ्या महिन्यात नात मधल्याच वारी संध्याकाळी गेली. लुगडे बदलताना तिने पाठीमागे पाहिले, तर माकडहाडावर तळहातात मावेल एवढी जखम होती. आत बोट जाईल एवढी खोल. रात्री त्यांना कोणी वळवतच नव्हते. पुढे दवाखान्यात चार महिने गेले, खर्च झाला तो वेगळाच, आणि आजींनी जे सोसले त्याचा हिशेब कुठे मांडायचा? रविवारच्या भेटीत आजींची पाठ कोणालाच दिसली नव्हती.

म्हणून पाठ आणि टाचा पाहिल्याशिवाय भेट पूर्ण झाली असे मानू नये. बाप्याची बाप्याने पाहावी, बाईची बाईने. यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट वजन. भरतीच्या दिवशी वजन करून लिहून ठेवावे आणि दर महिन्याला करायला सांगावे. एका महिन्यात शंभराला पाच, किंवा सहा महिन्यांत शंभराला दहा एवढी घट झाली तर ती गंभीर मानतात. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो गेले तर कारण शोधलेच पाहिजे. ज्या केंद्रात वजनकाटाच नाही त्याला काय म्हणावे? काट्याशिवाय ऊस घालायला आपल्यातला एक तरी सभासद तयार होईल का?

तिसरी गोष्ट पडणे. "आमच्याकडे कोणी पडतच नाही" असे म्हणणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. म्हातारी माणसे पडतात. चांगल्या केंद्रात पडल्याची नोंद असते, घरी फोन जातो आणि पुन्हा पडू नये म्हणून काय केले ते सांगता येते.

याशिवाय नखे, दाढी, जिभेवरचा थर, कवळी स्वच्छ आहे का, चष्मा आणि कानाचे यंत्र ज्याचे त्यालाच लावले आहे का, हेही पाहावे. या बारीक गोष्टी कोणी मुद्दाम पाहत नाही, म्हणूनच त्यांवरून रोजची रीत कळते.

पाहायला कसे जावे?

एकदा सांगून जावे आणि निदान दोनदा न सांगता जावे. एक भेट जेवणाच्या वेळी, एक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, जेव्हा मोठे साहेब घरी गेलेले असतात. आत सोडतच नाहीत, फक्त ऑफिसात बसवतात, अशी जागा सोडून द्यावी. इतरांच्या अब्रूचा मान राखून दारातून पाहायला कोणाची हरकत नसावी.

बागेत बसून गप्पा मारणाऱ्या आजोबांना भेटून परत येऊ नये. तिथला सर्वांत असहाय, बोलता न येणारा, भेटायला कोणी न येणारा रुग्ण कोणत्या खाटेवर आहे ते पाहावे. त्याचे ओठ ओले आहेत का, अंथरूण कोरडे आहे का? आपला माणूस उद्या त्याच खाटेवर जाणार आहे, असे धरूनच निर्णय घ्यावा. आमच्या मते साऱ्या पारखीचे सार एवढ्यातच आहे.

मावशींशी दोन शब्द बोलावे. किती दिवस आहात, पगार वेळेवर होतो का? दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील, तर रुग्णाच्या सवयी कोणाला कळणार? दुसऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांनाही फाटकाबाहेर गाठून विचारावे.

कागदावर किती विसंबायचे, याला अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तिथल्या अशा केंद्रांतील हेळसांडीवर १९८६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीचा मोठा अहवाल आला आणि १९८७ मध्ये कायदा झाला. न सांगता तपासणी, सेविकांना किमान ७५ तासांचे शिक्षण, आणि सोयीसाठी बांधून न ठेवण्याचा रुग्णाचा हक्क या गोष्टी त्यात आल्या. २००८ पासून केंद्रांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. पण नोकरांची संख्या केंद्रे स्वतःच भरून देत, आणि सांगितलेले व असलेले यांत अंतर पडे. शेवटी २०१६ पासून ती संख्या पगारपत्रकावरून द्यावी लागू लागली. तेव्हा आपणही हजेरीचा तक्ता मागावा आणि समोरची डोकी मोजावीत.

पैसा आणि कायदा

फी किती, त्यात डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, हवेची गादी धरली आहे की वेगळी, डिपॉझिट परत मिळते का, अचानक बिघडले तर कोणत्या दवाखान्यात आणि कोणाच्या गाडीने नेणार, हे सगळे लेखी घ्यावे. तोंडी ठरलेले पुढे कोणाला आठवत नाही.

ज्येष्ठांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. मुले सांभाळत नसतील तर प्रांत ऑफिसातील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. ज्येष्ठाला टाकून देणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जमीनवाल्यांनी त्यातले २३ वे कलम ध्यानात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत बक्षीस दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो दस्त रद्द करून मागता येतो. मात्र अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी. तेव्हा सातबाऱ्यावरचे नाव उतरवण्यापूर्वी वकिलाला एवढे जरूर विचारावे. ज्येष्ठांच्या अडचणीसाठी १४५६७ हा मोफत सरकारी फोन नंबरही आहे.

ठेवल्यानंतर आपले काम संपत नाही

शक्य तर जवळचे केंद्र निवडावे. दूरच्या शहरातल्या झकपक जागेपेक्षा आठवड्यातून दोनदा जाता येईल अशी साधी जागा बरी. ज्याच्याकडे येणेजाणे असते त्या खाटेकडे लक्ष राहते, हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की तोड, वाहने आणि खोडव्याची कामे यांत चार-पाच महिने जातात आणि भेटी थांबतात. भावाभावांनी, लेकी-जावयांनी हंगामापूर्वीच वार वाटून घ्यावेत. पाण्याच्या पाळ्या लावतो तशा भेटीच्या पाळ्या लावाव्यात.

एक वही करावी. भेटीची तारीख, वेळ, वजन, पाठ, जेवण, कोण पाळीवर होते, एवढ्या नोंदी पुरेत. तक्रार करायची झाली तर ती तारखेनिशी करता येते. आणि काम चांगले दिसले तर त्या मावशीला तोंडभरून सांगावे. पाठ थोपटायला पैसे लागत नाहीत.

शेवटची आणि खरे तर पहिली गोष्ट. ज्यांना तिथे राहायचे आहे त्यांना विचारावे. बोलता येत असेल तर त्यांना आधी जागा दाखवून आणावी. भेटीत एकटे असताना "इथं कसं वाटतंय? रात्री हाक मारली तर येतात का?" असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. "घरी न्या म्हणतातच ते" असे म्हणून सोडून देऊ नये. बोलता येत नसेल तर एखादा सेवक जवळ आल्यावर चेहरा आक्रसतो का, ते पाहावे.

खालील दहा प्रश्न कापून वहीत चिकटवून ठेवावेत आणि जाताना बरोबर न्यावेत.

१. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे काय?
२. रात्रपाळीला अंगाचे काम करणारी माणसे किती, आणि न उठणारे रुग्ण किती?
३. कूस बदलल्याची वेळेनुसार नोंद आहे काय?
४. पाणी हाताला पोचते काय?
५. भरवताना बसते करतात काय?
६. कोणी बांधलेले किंवा दिवसा गुंगीत आहे काय?
७. पाठ आणि टाचा स्वतः पाहिल्या काय?
८. दरमहा वजन होते काय?
९. आगीच्या वेळची दुसरी वाट उघडी आहे काय?
१०. सर्वांत असहाय रुग्णाची खाट पाहिली काय?

दहाच्या दहा उत्तरे मनासारखी मिळतील अशी जागा क्वचितच सापडेल. पण दुसरा, सहावा, सातवा आणि दहावा या चार प्रश्नांत तडजोड करू नये. ज्यांनी कुदळीने पाट काढून आपल्याला ही बागायत करून दिली, त्यांची पाठ म्हातारपणी कोरडी आणि धडधाकट राहावी, एवढे आपण पाहू शकतो. सर्व सभासदांनी हा लेख घरातील मंडळींना वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी,
शेती विभाग